सातव्या नळाची नोंद

पाण्याचा नमुना घ्यायचा तर आधी नळ तीन मिनिटं वाहू द्यावा लागतो. घरातल्या नळीत साचलेलं पाणी निघून जातं आणि मागून रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीतलं पाणी येतं. तपासायचं असतं ते हे दुसरं. त्याआधी नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. मग बाटली उघडायची, झाकण कुठेही न टेकवता करंगळीत धरायचं, बाटली भरायची, वर बोटभर जागा ठेवायची, झाकण लावायचं, क्रमांक आणि वेळ लिहायची आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवायची. हे मी अठ्ठावीस वर्षं केलं आणि त्यात माझी चूक झाल्याची एकही नोंद नाही.

ती तीन मिनिटं मात्र कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून काढावी लागतात. परक्या बाईला ओट्यापाशी एकटं सोडून जाणं बरं दिसत नाही, म्हणून घरातलं कुणीतरी दारात उभं राहतं. मी घड्याळाकडे बघते, ते माझ्याकडे बघतात. मग थोडं बोलणं होतं. पाणी आज गढूळ आहे का, गुडघे काय म्हणतात, धाकटीचा निकाल लागला का. तीन मिनिटं झाली की माझे हात कामाला लागतात आणि बोलणं जिथे असेल तिथे थांबतं, ते पुढच्या मंगळवारपर्यंत.

आमच्या खात्याचे दोन नियम होते. नमुना देणाऱ्या घरी काही खायचं-प्यायचं नाही आणि घरच्यांना खाजगी प्रश्न विचारायचे नाहीत. पहिला नियम खात्यात माझ्याशिवाय कुणी पाळत नसे. चहा पुढे आला की मी म्हणायची, "आज नको, नमुने बर्फात आहेत." ते खोटं नव्हतं. नमुने सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवायचे असतात. पण सहा तासांत एक कप चहा सहज बसतो, हेही मला ठाऊक होतं.

"वन्सं, तुम्ही एवढ्या लोकांच्या घरी जाता आणि नळाशी बोलून परत येता," वहिनी एकदा फोनवर म्हणाली. ती दर रविवारी फोन करते. मी काय जेवले ते विचारते, आणि मी काहीही सांगितलं तरी "एवढंच?" म्हणते. आई जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून रविवारचा हा फोन सोडला तर माझ्या घरात बोलण्याचा प्रसंग येत नाही. माझ्या स्वतःच्या नळाचा नमुना कधी घेतला गेलेला नाही. कर्मचाऱ्याच्या घरचा नळ यादीत घालायचा नाही, असा एक तिसराही नियम होता.

या वर्षी घरोघरचे नमुने बंद करायचं ठरलं. वाहिन्यांवरच यंत्रं बसवली गेली, ती दर पंधरा मिनिटांनी आकडे पाठवतात. यंत्रं चांगली आहेत. मीच ती तपासून घेतली होती, त्यामुळे कुरकुर करायलाही जागा नव्हती. मला प्रयोगशाळेत एक खुर्ची आणि संगणकाचा एक पडदा मिळणार होता. सगळ्या घरांना पत्रं गेली: महिन्याच्या शेवटच्या मंगळवारनंतर कुणी येणार नाही, सहकार्याबद्दल आभार.

मंगळवारच्या माझ्या फेरीत अकरा नळ होते. त्यातला चौथा वाचनालयाचा. तिथल्या ग्रंथपाल बाई पत्र हातात धरूनच उभ्या होत्या.

"म्हणजे आता तुम्ही यायच्या नाहीत?"

"गरज उरली नाही."

"पाण्याला उरली नसेल. मला आहे." त्यांनी मला आत नेऊन एक भिंत दाखवली. जुनी कपाटं हलवल्यावर मोकळी झालेली, फिकट चौकोन उमटलेली. "इथे दहा चौकटी लावायच्या आहेत. आपल्या शहरातली दहा माणसं. कोण काय काम करतं, आणि कामाशिवाय कशात जीव रमतो त्याचा. बस, एवढंच. नावं नाही घालायची. नाव घातलं की लोक आडनाव वाचतात आणि तिथेच थांबतात."

"मग मी काय करू?"

"लिहा. तुम्ही सगळ्यांच्या स्वयंपाकघरात जाता. तुमच्याइतकी माणसं कुणाला ठाऊक आहेत?"

"मला लिहिता येत नाही. मी अहवाल लिहिते."

"मग अहवाल लिहा. माझ्या सभासदांत तीन कवी आहेत. त्यांना सांगितलं असतं तर ही भिंत पुरली नसती."

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की बाईंनाही थोडं नवल वाटलं असावं. वाचनालय वगळता माझे दहा नळ होते आणि दहाच चौकटी होत्या. आणि मनात दुसरंही काही होतं. नळ बंद झाल्यावर कुणाचं दार वाजवायला मला काही कारण उरणार नव्हतं. माणसावर चार ओळी लिहिल्या, त्या भिंतीवर लागल्या, तर निदान एखादं दार तरी "या की कधीतरी" म्हणेल, असं मला वाटलं. एखादं म्हणजे कुठलं, तेही मला ठाऊक होतं.

पुढचे दोन मंगळवार मी वाहत्या नळापाशी तीन प्रश्न विचारले. काय काम करता, कामाशिवाय काय आवडतं, कधीपासून. हे खाजगी प्रश्नांत मोडत नाहीत असं मी ठरवलं. लोक भलतेच खूश झाले. दुसऱ्या नळाच्या बाई बांधकामावरची उंच क्रेन चालवतात. आठ तास एका काचेच्या खोलीत, जमिनीपासून पन्नास मीटर वर. त्या विणकाम करतात हे मला माहीत होतं. किती करतात ते माहीत नव्हतं. "खाली सिमेंट कालवायला वेळ लागला की एक बाही होते," त्या म्हणाल्या. "साहेबाला सांगू नका. त्याच्या अंगात आहे तो स्वेटर साइटवरच विणलाय." पाचव्या नळाचे दातांचे डॉक्टर तुटलेल्या बाहुल्या दुरुस्त करतात. नवव्या नळाचे मामा शाळेची बस चालवतात आणि त्यांनी गच्चीवर दीडशे निवडुंग लावलेत. "काटेरी आहेत, पण खिडकीतून हात तरी बाहेर काढत नाहीत," असं ते म्हणाले आणि स्वतःच इतके हसले की मामींनी आतून विचारलं, कोण आलंय.

ग्रंथपाल बाईंना पहिली तीन कार्डं आवडली. त्या म्हणाल्या, शेवटी एक ओळ घाला, घरात कोण कोण आहे त्याची. माणूस जवळचा वाटतो त्यानं. हा प्रश्न मात्र मी कुणाला विचारला नाही. दुसरा नियम आड आला. शिवाय विचारायची गरज काय, इतकी वर्षं मी बघतच होते. मुलं पायात येत, सासूबाई पलंगावरून हाक मारत, जावा एकमेकींवर भांडी आपटत. मी जे दिसलं ते लिहिलं.

सातव्या नळाचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथले गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांची ड्यूटी दुपारी बाराला सुरू होते, म्हणून मी दहा वीसला पोचते तेव्हा ते घरी असतात. मी दार वाजवते, आतून ते "कोण?" म्हणतात, मी "पाणी खातं" म्हणते. ते हळू बोलतात, जवळजवळ कुजबुजतात, आणि त्यांच्यासमोर माझाही आवाज आपोआप खाली येतो. रविवारी पहाटे ते तळ्यावर जाऊन पक्ष्यांचे आवाज टिपून आणतात, तेव्हा ही सवय तिथलीच असणार, असं मी धरून चालले होते.

"लिफ्टमध्ये अडकले की लोक आधी देवाला हाक मारतात, मग मला," ते एकदा म्हणाले होते. "बाहेर काढल्यावर आभार मात्र देवाचेच."

आणखी एकदा त्यांनी आवाज टिपायच्या यंत्राचा इअरफोन माझ्या कानाला लावला होता. "ऐका मॅडम. हा लव्हाळ्यातला पक्षी. आणि आता थांबा... हा. हा त्याला उत्तर देतोय तो पुलाच्या पलीकडचा. मध्ये अर्धा किलोमीटर पाणी आहे." मी ऐकत राहिले आणि नळ तीनाऐवजी चार मिनिटं वाहिला. इतक्या वर्षांत तेवढं एकदाच.

त्यांच्या ओट्यावर विसळून पालथा घातलेला एक कप असे. स्वयंपाकघरातल्या टेबलाला एकच खुर्ची. दाराशी चपलांचा एक जोड. आतल्या खोलीचं दार नेहमी लावलेलं. कधी मी जिना चढत असताना त्यांचा आवाज ऐकू येई: "सात पंचेचाळीस. आठ दहा. आठ पस्तीस." एका सुरात, मध्ये नेमकं थांबून. मी समजले की टिपलेल्या आवाजांच्या वेळा ते स्वतःशी वाचून लिहून ठेवतात. एकट्या माणसाला मोठ्यानं बोलायची सवय लागते. मलाही आहे.

मी त्यांच्या कार्डावर लिहिलं: "लिफ्ट दुरुस्त करतात. शहरातल्या दोनशे इमारती त्यांना आतून माहीत आहेत. रविवारी पक्ष्यांचे आवाज टिपतात. घरी एकटेच राहतात."

बाकीची नऊ कार्डं मी एकदा लिहून देऊन टाकली. हे तीनदा लिहिलं, आणि तिन्ही वेळा शेवटची ओळ तशीच राहिली. त्या रात्री मी एक हिशेबही केला. सातवा नळ माझ्या यादीत नऊ वर्षं होता. वर्षाचे पन्नास मंगळवार, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे साडेबावीस तास. आमची ओळख पुरत्या एका दिवसाचीही नव्हती. मला तो आकडा चुकीचा वाटला म्हणून मी पुन्हा केला.

कार्डं शनिवारी भिंतीवर लागली. त्यानंतरचा मंगळवार शेवटून दुसरा होता. मी वाचनालयाच्या नळाचा नमुना घेतला तशा ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "जरा इकडे या. चिडू नका."

सातव्या नळाच्या कार्डावरच्या "एकटेच" या शब्दावर पेन्सिलीची रेघ होती. शब्दाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, ना कमी ना जास्त. रेघेचं शेपूट समासात नेऊन त्याला एक छोटा वळसा दिला होता आणि शेजारी लहान, उभ्या अक्षरात लिहिलं होतं: "तपासा."

"पोराटोरांचं काम," बाई म्हणाल्या. "खोडून टाकते."

"पोरं अशी रेघ मारत नाहीत. राहू द्या."

प्रयोगशाळेत चुकीचा आकडा गिरवून काळा करायचा नसतो. त्यावर एकच बारीक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. ही रेघ तशीच होती, फक्त सही नव्हती. माझ्या नोंदीवर आजवर कुणी रेघ मारली नव्हती. मी चिडले नाही. पेटी उचलली आणि पाचव्या नळाकडे निघाले.

तासाभरानं मी सातव्या नळापाशी उभी होते. पाणी वाहत होतं.

"कार्ड वाचलं मी," लिफ्टवाले हळूच म्हणाले.

"काही चुकलंय का त्यात?"

"लिफ्टचं सगळं बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांची नजर आतल्या लावलेल्या दाराकडे जाऊन आली. मी ती बघितली. प्रश्न माझ्या तोंडापर्यंत आला होता. तेवढ्यात तीन मिनिटं झाली आणि मी बाटली उघडली.

त्या आठवड्यात मला बंद होणाऱ्या नळांच्या फायली आवरायच्या होत्या. प्रत्येक फायलीत पहिलं पान संमतीपत्राचं असतं. सातव्या नळाच्या संमतीपत्रावर आमच्या कारकुनानं "दुसरा मजला" टाइप केलं होतं. "दुसरा" या शब्दावर एक बारीक रेघ होती, शब्दापुरती, शेपटाला वळसा दिलेली, आणि समासात लहान उभ्या अक्षरात "तिसरा. तपासा." खाली घरमालकाच्या जागी सही. सही बाईची होती, आणि कंसात पूर्ण नावही स्वच्छ लिहिलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वी ते पान लिफ्टवाल्यांनी माझ्या हातात दिलं, म्हणून सही त्यांचीच, असं समजून मी ते फायलीला लावलं होतं. मी ते वाचलं होतं असं मला शपथेवर सांगता आलं असतं.

मी बराच वेळ ती फाईल उघडी ठेवून बसले. नमुना कमी पडला, एकाच वेळी घेतला, एकाच जागेवरून घेतला, हे सगळं मला प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगता आलं असतं. पण माझी चूक तेवढीच नव्हती. कप एक, खुर्ची एक, चपला एक. यावरून फार तर "दहा वीसला एक माणूस दिसला" एवढंच लिहिता येतं. पुढचं मी घातलं होतं. या शहरात आणखी एका ओट्यावर एकच कप वाळत असावा, हे मला हवं होतं. मला ते इतकं हवं होतं की समोरचं लावलेलं दार मी नऊ वर्षं भिंत म्हणून बघितलं.

आणि आता ज्या दारासाठी हे सगळं केलं, तेच दार माझ्या तोंडावर बंद होण्याची पाळी आली होती. घरात राहणाऱ्या माणसाला मी भर वाचनालयात, भिंतीवर, नाही म्हणून लिहून ठेवलं होतं.

शेवटच्या मंगळवारी मी सहा नळ नेहमीपेक्षा भराभर उरकले. सातव्या नळाचं तोंड पुसलं, नळ सोडला, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा घरच्या माणसाला खाजगी प्रश्न विचारला.

"घरात आणखी कोणी असतं का?"

लिफ्टवाले हसले. "विचारलंत एकदाचं." मग त्यांनी मान वळवून, जरा आवाज चढवून म्हटलं, "ताई, विचारलं बघ."

दाराआडून आवाज आला, "पाणी चालू आहे ना? मग तीन मिनिटं आहेत. पाठव त्यांना."

खोली लहान होती. खिडकीला लागून टेबल, टेबलावर कागदांच्या लांब पट्ट्या, दोन टोकदार पेन्सिली, झाकणाची एक बाटली. टेबलाशी पासष्टीच्या एक बाई, चष्मा कपाळावर. आणि त्यांच्या समोर एक रिकामी खुर्ची, स्वयंपाकघरातल्या खुर्चीची जोडीदार.

"बसा म्हणणार होते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही बसायच्या नाहीत."

"रेघ तुम्ही मारलीत."

"मी मारली. शनिवारी पुस्तकं बदलायला जाते मी. बसवाल्याच्या कार्डात एक स्वल्पविराम जास्त आहे, तो सोडून दिला. एकटेच कसं सोडायचं? हे घर माझं आहे बाई. हा माझ्याकडे राहतो. हा जर एकटाच राहत असेल तर मी कुठे राहते, तेही एकदा लिहून कळवा."

"ताई," स्वयंपाकघरातून लिफ्टवाले म्हणाले, "जाऊ दे ना आता."

"तू गप. तू वाचून आलास आणि तोंडातून अक्षर काढलं नाहीस."

"मला वाटलं, लिहिणारीनं काहीतरी विचार करून लिहिलं असेल."

"केला होता विचार," मी म्हटलं. मला खरं तेच सांगता येतं. "ओट्यावर कप एकच असायचा."

"प्रुफांवर कपाचं वर्तुळ उमटलं तर छापखाना माझ्या नावानं शंख करतो. मी बाटलीतून पिते."

"दारात चपला एकच जोड."

"माझ्या कपाटात असतात. दारात ठेवल्या की हा पायात सरकवून खाली जातो. टाचा वाकड्या झाल्या दोनदा."

"आणि तुमचा आवाज कधी..."

"सकाळी प्रुफं बघते मी. वेळापत्रकं, औषधांची माहितीपत्रकं, कोष्टकं. आकडे डोळ्यांनी नुसते तपासता येत नाहीत, डोळा फसतो. मूळ प्रत समोरच्यानं मोठ्यानं वाचायची आणि मी छापलेलं बघायचं. हा ड्यूटीवर जाईपर्यंत हा वाचतो. तेवढा वेळ मी घरात नाही असंच समज, असं मी त्याला सांगून ठेवलंय. त्यानं ते फारच मनावर घेतलं."

सात पंचेचाळीस. आठ दहा. आठ पस्तीस. ते पक्षी नव्हते. त्या बस होत्या, आणि ते स्वतःशी बोलत नव्हते.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "कार्ड बदलते मी आजच."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि माझ्याकडे बघितलं. बाटली उजेडासमोर धरून मी बघते तसं. दया नव्हती त्यात, नुसतं बघणं होतं.

"चाळीस वर्षं हेच करतेय," त्या म्हणाल्या. "चूक दोन तऱ्हेची असते. एक, शब्दच चुकीचा. दुसरी, शब्द बरोबर, पण भलत्याच पानावर जाऊन पडलेला. तुमची ही दुसरी आहे."

स्वयंपाकघरात पाणी वाहत होतं. मी घड्याळ बघितलं नाही, पण अंदाजानं सहा मिनिटं झाली असतील.

"पुढच्या महिन्यापासून याची ड्यूटी सकाळची," ताई कागद सारखे करत म्हणाल्या. "मला वाचून दाखवायला माणूस लागेल. तुमचं बोलणं स्पष्ट आहे. बाटलीवर लिहिताना तुम्ही म्हणता ते नऊ वर्षं दाराआडून ऐकतेय, 'सात, दहा वाजून तेवीस, सात, दहा वाजून चोवीस.' आकडा गिळत नाही तुम्ही. खात्याची माणसं निम्मा गिळतात."

"आज नको," माझ्या तोंडून निघून गेलं. "नमुने बर्फात आहेत."

"असतील. सातवा अजून भरायचाय."

मी स्वयंपाकघरात जाऊन बाटली भरली. वेळ लिहिली. माझं अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. लिफ्टवाले दारापर्यंत आले आणि नेहमीसारखं कुजबुजत म्हणाले, "रागावू नका मॅडम. ती तशीच आहे. पण तुम्ही आल्याशिवाय मंगळवार सुरू होत नाही आमचा. दार वाजलं की आतून म्हणते, 'तीन मिनिटं आल्या वाटतं, उघड.'"

"तीन मिनिटं?"

"तुम्हाला म्हणतो आम्ही. म्हणजे ती म्हणते. तुमचं नाव कुठे माहीत आहे आम्हाला?"

जिना उतरताना मी दुसऱ्या मजल्यावर थांबले. पेटी जड नव्हती. नऊ वर्षं एका घरात माझं एक नाव होतं आणि मला ते आज, शेवटच्या मंगळवारी, कळलं होतं. आणि त्यांनी बसायला रिकामी खुर्ची दाखवली तेव्हा मी त्यांना बर्फ दाखवला होता.

नमुने दोन तासांत प्रयोगशाळेत पोचले. चार तास उरले. संध्याकाळी मी वाचनालयात जाऊन नवं कार्ड लावलं: "घर: थोरल्या बहिणीकडे राहतात. बहीण प्रुफं तपासते." बसवाल्या मामांच्या कार्डातला स्वल्पविराम शोधून काढला. होता जास्तीचा. जुनं कार्ड मी फाडलं नाही. त्या पेन्सिलीच्या रेघेशेजारी सही केली, तारीख घातली आणि ते घरी नेलं. घरी ते कुठे ठेवावं हे सुचेना, म्हणून ओट्यावर कपाशेजारी ठेवलं. रविवारी वहिनीचा फोन आला. काय जेवलात, तिनं विचारलं. मी सांगितलं. "एवढंच?" ती म्हणाली. वाचून दाखवण्याबद्दल मी तिला काही बोलले नाही. अजून ठरलेलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी मी प्रयोगशाळेतल्या नव्या खुर्चीवर बसले. पडद्यावर आकडे येत होते, दर पंधरा मिनिटांनी, सगळे मर्यादेत. साडेनऊला मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना. शेवटी "खाजगी" लिहिलं.

दहा वीसला मी तिसऱ्या मजल्यावर होते. हातात पेटी नव्हती, खांद्याला पिशवी नव्हती, खिशात स्पिरिट नव्हतं. हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. दाराशी चपला नव्हत्या. लिफ्टवाले ड्यूटीवर गेले असणार. त्यांच्या चपला नाहीत एवढ्यावरून घर रिकामं आहे असं म्हणता येत नाही, हे मी स्वतःला सांगितलं. मग आणखी थोडा वेळ उभी राहिले. लिफ्ट खालून वर गेली आणि वरून खाली आली. तिच्या काचेतून कुणीतरी माझ्याकडे बघून गेलं.

मी दार वाजवलं.

"कोण?" आतून ताईंचा आवाज.

अठ्ठावीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर मला विचार न करता देता येत होतं. ते आता चालणार नव्हतं. घरी ओट्यावर ठेवलेलं कार्ड आठवलं, आणि त्यावरचा रेघ मारलेला तो शब्द, 'एकटेच'. तोही दारातून सांगण्यासारखा नव्हता.

"तीन मिनिटं," मी म्हटलं. आवाज पहिल्यांदा नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, स्पष्ट. "तीन मिनिटं आल्यात."

आत कागद सरकल्याचा आवाज झाला. खुर्ची मात्र सरकली नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हे कोष्टक संपू दे."

मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले. घाई नव्हती. बर्फात काही नव्हतं.